जुना अ‍ॅनालॉग सिंथ सुरात कसा आणायचा: इंदूरच्या हवेतलं कॅलिब्रेशन, पायरीपायरीने

माळ्यावरून उतरवलेला किंवा जुन्या ऑर्केस्ट्रावाल्याकडून घेतलेला सिंथ बेसूर वाजला की हात सरळ आतल्या प्रीसेटकडे, म्हणजे बोर्डावरच्या पेचकसाने फिरवायच्या बारीक नॉबकडे जातो. तो तिथे सगळ्यात शेवटी जायला हवा. 'कॅलिब्रेशन गेलंय' म्हणून उघडलेल्या बऱ्याच वाद्यांमध्ये खरा दोष पॉवर सप्लाय, मळलेले कॉन्टॅक्ट किंवा सुटलेला सोल्डरचा डाग यांतला असतो. तो तसाच ठेवून प्रीसेट फिरवले तर मूळ दोष राहतोच, आणि कारखान्यातलं सेटिंगही हातचं जातं. म्हणून खालचा क्रम मोडू नका.

१. आधी वाद्य ओळखा

हा लेख एका ऑक्टेव्हला (सप्तकाला) १ व्होल्ट या हिशोबाने चालणाऱ्या, व्हीसीओ (व्होल्टेजवर सूर ठरणारा ऑसिलेटर) असलेल्या सिंथसाठी आहे. मिनीमूग, रोलंड एसएच-१०१, प्रॉफेट-५ ही या घरातली मंडळी. कॉर्ग एमएस-२० आणि यामाहाचे लहान सीएस सिंथ हर्ट्‌झ-प्रति-व्होल्ट पद्धतीचे आहेत. तिथे दर ऑक्टेव्हला व्होल्टेज दुप्पट होतं, त्यामुळे खालचे आकडे त्यांना लावू नका. रोलंड ज्युनो-६, ६० आणि १०६ यांत डीसीओ (डिजिटल घड्याळावर चालणारा ऑसिलेटर) असतो. त्याचा सूर एका मुख्य घड्याळाला भागून निघतो, म्हणून त्यात स्केल लावायचं, म्हणजे ऑक्टेव्हचं अंतर बसवायचं, काम नसतं. ज्युनोचा एखादा आवाज गायब असेल किंवा खरखरत असेल तर तो प्रश्न व्हॉइस चिपचा आहे, सुराचा नाही.

तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा आणि त्यातलं 'अ‍ॅडजस्टमेंट' हे पान छापून जवळ ठेवा. कोणता प्रीसेट कशाचा, हे अंदाजाने ठरवायचं काम नव्हे.

२. मागची पाटी वाचा

भारतात आलेली बरीच जपानी वाद्यं १०० व्होल्टची असतात. ती २३० च्या सॉकेटला लावली तर फ्यूज उडेल, आणि कुणी फ्यूजच्या जागी तार गुंडाळली असेल तर ट्रान्सफॉर्मर जळेल. अमेरिकन वाद्यं ११७ किंवा १२० व्होल्टची असतात.

बाजारात सहज मिळतो तो २३०-चा-११० करणारा ट्रान्सफॉर्मर. शंभर व्होल्टच्या वाद्याला तो दहा टक्के जास्त देतो, आणि लाइन २४५ वर गेली की तेच ११७ होतात. रेग्युलेटर तापतो, वाद्य आतून गरम होतं, सूर सरकत राहतो. त्यामुळे १०० व्होल्टचा वेगळा टॅप असलेला, निदान १०० वॅटचा, खऱ्या लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर घ्या. हेअर ड्रायरसाठी मिळणारे हलके प्रवासी कन्व्हर्टर सिंथला कधीही लावू नका. ते लाटेचे तुकडे करून व्होल्टेज कमी करतात.

अर्थिंग तपासा. जुन्या इंदुरी वाड्यांतल्या दोन पिनच्या सॉकेटवर हे काम करायला बसू नका.

३. सामान

- डिजिटल मल्टीमीटर, शक्यतो ६००० काउंटचा
- ट्यूनर: ०.१ सेंटपर्यंत वाचणारं मोबाइल अ‍ॅप (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). गिटारला लावायचा चिमटा या कामाला ढोबळ पडतो
- प्लास्टिकचा ट्रिमर-पेचकस. लोखंडी पेचकस निसटला की दोन पाय शॉर्ट होतात
- आयसोप्रोपिल अल्कोहोल (९९ टक्के), कापसाच्या काड्या, मऊ ब्रश
- कॉन्टॅक्ट क्लीनर. घरगुती तेलकट स्प्रे चालणार नाही, तो धूळ धरून ठेवतो
- २५ ते ४० वॅटचं सोल्डरिंग आयर्न, बारीक सोल्डर, डिसोल्डर पंप
- नेलपॉलिश, मार्कर, वही, मोबाइलचा कॅमेरा
- तापमान दाखवणारं साधं घड्याळ

अल्कोहोल, सोल्डर, पंप आणि साधे कपॅसिटर जेल रोडच्या दुकानांत मिळतात. १ टक्का मेटल फिल्म रेझिस्टर आणि मल्टिटर्न (अनेक फेरे घेणारे) प्रीसेट मिळाले तर उत्तम, नाहीतर मागवावे लागतील. टेम्पको (तापमानाची भरपाई करणारा) रेझिस्टर मात्र मागवावाच लागतो. त्याच्या जागी 'तोच ओहम आहे' म्हणून साधा रेझिस्टर बसवून घेऊ नका.

मल्टीमीटरबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे नवखे फसतात. ऑक्टेव्हला १ व्होल्ट म्हणजे एका स्वराला ८३.३ मिलिव्होल्ट, आणि एका सेंटला ०.८३ मिलिव्होल्ट. स्वस्तातला १९९९ काउंटचा मीटर २० व्होल्टच्या रेंजवर १० मिलिव्होल्टच्या टप्प्याने वाचतो, म्हणजे एकदम १२ सेंट. सप्लाय तपासायला तो चालतो, सूर तपासायला नाही. ६००० काउंटचा मीटर ६ व्होल्टपर्यंत १ मिलिव्होल्ट दाखवतो, तेवढं पुरतं. शेवटचा निर्णय मात्र मीटरने नव्हे, ट्यूनरने आणि कानाने करायचा.

४. झाकण न उघडता निदान

वाद्य तासभर चालू ठेवा आणि मग ऐका.

सगळे स्वर सारखेच चढलेले किंवा उतरलेले असतील तर समोरची ट्यून नॉब हलली आहे. आत काही करायचं नाही. वर जावं तसा फरक वाढत जात असेल तर स्केलचं काम आहे. खालचे तीन ऑक्टेव्ह नीट आणि फक्त वरचे स्वर उतरलेले, तर हाय-फ्रीक्वेन्सी ट्रिमचं. एकच पट्टी बेसूर असेल तर तो कॉन्टॅक्ट किंवा त्या पट्टीचा रेझिस्टर. पट्टी सोडल्यावर, आवाज विरताना सूर घसरत असेल तर सॅम्पल-अँड-होल्डचा (शेवटच्या पट्टीचं व्होल्टेज धरून ठेवणारा) कपॅसिटर किंवा त्याच्या भोवतालचा बोर्ड गळतो आहे. श्रावण-भाद्रपदात हे हमखास दिसतं, कारण ओल धरलेल्या धुळीतून विद्युतभार निसटतो. एक मिलिव्होल्ट गेला की सव्वा सेंट गेला. अशा वेळी बोर्ड अल्कोहोलने धुऊन वाळवणं हाच इलाज.

सूर थरथरत असेल किंवा अचानक उडी मारत असेल तर सप्लाय, गंजलेला प्रीसेट किंवा ड्राय सोल्डर पाहा. पहिली दहा-पंधरा मिनिटं सूर सरकणं हा दोष नाही.

वाद्य कारागिराकडे देणार असाल तर त्याला त्याच्याच भाषेत आधी बजावा: "भैया, प्रीसेट को हाथ मत लगाना, पहले सप्लाई देखना." टीव्ही-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्याला प्रीसेट थोडे फिरवून पाहायची सवय असते. त्या कामात ते खपून जातं, इथे नाही.

५. उघडणं, साफसफाई, फोटो

वायर सॉकेटमधून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. मेन स्विच आणि फ्यूज होल्डर यांच्यावर बटण बंद असतानाही २३० व्होल्ट असू शकतात. उघड्या टोकांवर आधी इन्सुलेशन टेप लावा, मगच वाद्य उघडं ठेवून चालू करा.

प्रत्येक बोर्डाचे फोटो घ्या. प्रत्येक प्रीसेटची जागा मार्करच्या रेघेने खूण करा. हे पाच मिनिटांचं काम चुकवलंत तर परतीची वाट राहत नाही.

मेमरीत आवाजांची सेटिंग साठवणारं मॉडेल असेल तर बॅटरी पाहा. कॉर्ग पॉलीसिक्समध्ये निकेल-कॅडमियम बॅटरी फुटून शेजारचा बोर्ड खाऊन टाकते, हे जगजाहीर आहे. पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर कॅलिब्रेशन बाजूला ठेवून आधी तिचा बंदोबस्त करा.

पट्ट्यांचे कॉन्टॅक्ट काडीवर अल्कोहोल घेऊन पुसा. पॉलिश पेपर लावू नका, वरचा मुलामा निघून जातो. स्लायडर आणि स्विचमध्ये क्लीनरचा एक फवारा देऊन ते वीस-तीस वेळा हलवा.

उघड्या तोंडाचे जुने कार्बन प्रीसेट आतून काळवंडतात आणि पेचकस टेकवला तरी सूर उड्या मारतो. तसं झालं तर खूण करून तो तीन-चार वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा आणि खुणेवर आणा. तरीही उडी मारत असेल तर त्याच किमतीचा सर्मेट मल्टिटर्न बसवा. स्केलच्या प्रीसेटला तर तो बसवून टाकलेलाच बरा.

६. सप्लाय: ही पायरी गाळलीत तर पुढचं सगळं वाया

मॅन्युअलमधलं रेल व्होल्टेज, म्हणजे सप्लायमधून बोर्डांना जाणारं स्थिर व्होल्टेज, पाहा. पुष्कळ वाद्यांत ते अधिक-उणे १५ असतं, मिनीमूगमध्ये अधिक-उणे १०. वाद्य गरम झाल्यावर दोन्ही रेल मोजा. सप्लायला प्रीसेट असेल तर आकडा १०-२० मिलिव्होल्टच्या आत बसवा.

याची एवढी काटेकोर गरज का? पुष्कळ जुन्या वाद्यांत कीबोर्डचं व्होल्टेज थेट याच रेलमधून निघतं. रेल एक टक्का चुकली तर कीबोर्डचा १ व्होल्टही एक टक्का चुकतो, म्हणजे दर ऑक्टेव्हला १२ सेंट. स्केल नीट लावून मग रेल सुधारलीत तर स्केल पुन्हा पहिल्यापासून.

नंतर मीटर एसीवर ठेवून त्याच रेलवर मोजा. काही मिलिव्होल्टपेक्षा जास्त आलं तर मोठे फिल्टर कपॅसिटर सुकलेत. चाळीस वर्षांचे इलेक्ट्रोलिटिक, त्यात माळव्याचा उन्हाळा आणि बंद डबा. बदलताना तेवढेच मायक्रोफॅराड, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, आणि १०५ अंशांचे घ्या. उलटे बसवू नका. संध्याकाळी लाइन उतरली की आवाजात घुरघुर आणि सुरात थरथर येत असेल तर रेग्युलेटरला वरून पुरेसं व्होल्टेज मिळत नाहीये. ज्या वेळी लाइन स्थिर असते तीच वेळ कामाला निवडा किंवा स्टेबिलायझर लावा.

७. खोली

ऑसिलेटरच्या आत तो १ व्होल्ट कापून ट्रान्झिस्टरवर जेमतेम १८ मिलिव्होल्ट केला जातो. हे १८ मिलिव्होल्ट तापमानावर अवलंबून असतात: दर अंशाला सुमारे ०.३३ टक्के फरक. भरपाई नसेल तर तीन ऑक्टेव्हवर अंशाला १२ सेंट. ही भरपाई टेम्पको रेझिस्टर करतो. त्याची किंमत तापमानाबरोबर साधारण तेवढ्याच प्रमाणात वाढते. तो ट्रान्झिस्टरच्या जोडीला चिकटलेला असायला हवा. मधली पेस्ट सुकून तो सुटला असेल तर आधी पेस्ट भरा. एसएच-१०१ मधल्या सीईएम ३३४० सारख्या चिपमध्ये ही भरपाई आतच असते.

म्हणून पंखा बंद, कूलर बंद. उघड्या बोर्डावर कूलरचा झोत म्हणजे पाच मिनिटांत वेगळाच सूर. इंदुरात मे महिन्याची दुपार चाळीसच्या वर आणि जानेवारीची रात्र दहाच्या खाली जाते. ज्या तापमानात वाजवणार त्याच्या जवळपास काम करा. अनंत चतुर्दशीच्या मांडवात वाजवायचं असेल तर डिसेंबरच्या थंडीत लावलेलं स्केल ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुन्हा तपासावं लागेल.

वाद्य निदान अर्धा तास, शक्य तर तासभर तापू द्या. झाकण उघडं असताना आतलं तापमान कमी असतं, म्हणून प्रत्येक फेरीनंतर झाकण नुसतं टेकवून दहा मिनिटं थांबा आणि मग वाचा.

८. स्केल

समोरच्या नॉब अशा ठेवा: ग्लाइड शून्य, एलएफओ शून्य, सिंक बंद, बेंडर मध्यावर, डिट्यून मध्यावर, रेझोनन्स शून्य, एकच ऑसिलेटर चालू. फिल्टर थोडा मिटवा, म्हणजे आवाज गोल होतो आणि ट्यूनर गोंधळत नाही.

आता दोनच स्वर वापरायचे: दोन ऑक्टेव्ह अंतरावरचे 'ए', म्हणजे ११० आणि ४४० हर्ट्‌झ. हार्मोनियमच्या भाषेत पांढरी सहा, ४४० हा मध्य सप्तकातला.

दोन्ही स्वर वाजवा आणि ट्यूनरचे आकडे लिहा. समजा खालचा +३, वरचा +१५. फरक १२ सेंट, म्हणजे ऑक्टेव्हला ६ सेंट रुंद. स्केलचा प्रीसेट जरा फिरवा आणि पुन्हा दोन्ही वाचा. आता खालचा −२०, वरचा −१४ आला. बघताना वाटतं की काम बिघडलं. पण फरक १२ वरून ६ झाला, म्हणजे दिशा बरोबर आहे. स्केल फिरवलं की दोन्ही स्वर सरकतात. त्यामुळे एकेका स्वराकडे न बघता दोघांतला फरक शून्य करा. हे ध्यानात नसल्याने लोक तास तास गोल फिरत बसतात.

फरक शून्याजवळ आला की ट्यून नॉबने दोन्ही ट्यूनरच्या शून्यावर आणा आणि मधला २२० तपासा. पाच-सात फेऱ्या लागतात. दोन सेंटच्या आत आलं की थांबा. त्याहून बारीक काम झाकण लावल्यावर टिकत नाही.

फूट-स्विच, म्हणजे ३२, १६, ८, ४ फुटांची रेंज, वेगळी तपासा. तीच पट्टी, एकेक रेंज. इथे चूक असेल आणि वेगळा प्रीसेट नसेल तर स्विचचा मळ किंवा त्याचे रेझिस्टर पाहा. स्केल बदलून ती चूक झाकू नका.

९. वरचे स्वर

करवती लाट प्रत्येक आवर्तनाला शून्यावर परत यायला थोडा वेळ घेते. समजा हा वेळ १ मायक्रोसेकंद आहे. ४४० हर्ट्‌झच्या २२७३ मायक्रोसेकंदांत तो एका सेंटपेक्षाही कमी. ३५२० हर्ट्‌झचं आवर्तन २८४ मायक्रोसेकंदांचं, तिथे तोच वेळ ६ सेंट उतरवतो. हाय-फ्रीक्वेन्सी ट्रिम हीच तूट भरून काढतो. १७६० आणि ३५२० वर तो लावा, मग खाली येऊन ११०-४४० चा फरक पुन्हा पाहा, कारण त्यालाही किंचित धक्का बसतो. एकदा वर, एकदा खाली, अशा दोन-तीन फेऱ्या. वरच्या स्वरांची तूट स्केल रुंद करून भरू नका. मधले सप्तक बिघडेल, आणि वाजवताना निम्मा वेळ तुम्ही तिथेच असता.

१०. ऑफसेट आणि दुसरा ऑसिलेटर

ट्यून नॉब बरोबर मध्यावर ठेवा आणि ८ फुटांवर पांढरी सहा ४४० येईल असा ऑफसेटचा प्रीसेट लावा. मिनीमूगला समोर ए-४४० चा स्विच आहे, पण तो संदर्भसुद्धा ट्यूनरवर एकदा पडताळा.

दुसरा ऑसिलेटर पहिल्याशी जुळवून नव्हे, स्वतंत्रपणे ट्यूनरवर लावा. नाहीतर पहिल्याची चूक दुसऱ्यात उतरते. मग दोन्ही एकत्र वाजवा आणि हेलकावे मोजा. तानपुऱ्याची जोडीची तार मिळवताना ऐकतो तेच हे. ४४० वर दोन सेंटचा फरक म्हणजे दोन सेकंदांत एक हेलकावा. तेवढा चालतो, आणि खरं तर तोच या वाद्यांचा गोडवा.

इथे इंदूरच्या कानाची एक खास अडचण. गाणं ऐकून तयार झालेल्या कानाला सिंथचा शुद्ध गंधार चढा वाटतो. बरोबरच आहे: समान अंतरांच्या पट्टीत तो नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट वर असतो. हा कॅलिब्रेशनचा दोष नाही आणि स्केलने जाणारही नाही. स्केल फक्त षड्‌ज ते षड्‌ज अंतर बरोबर ठेवतं.

तसंच आतलं ट्यूनिंग कधीही पेटीशी जुळवू नका. जुन्या पेट्या ४४० पासून पुष्कळदा थोड्या सरकलेल्या असतात, आणि एकाच पेटीच्या दोन सुरांत फरक असतो. आत ४४० ठेवा, साथीला बसताना समोरच्या नॉबने पेटीवर आणा. गायकाची पट्टी काळी एक असो की काळी चार, तो प्रश्न पट्ट्यांचा आहे, प्रीसेटचा नाही.

११. बाकीचं

फिल्टर: रेझोनन्स पूर्ण, कीबोर्ड फॉलो पूर्ण, ऑसिलेटर बंद. फिल्टर स्वतः शीळ घालू लागेल. त्या शिळेवर स्केल लावा. तीन ऑक्टेव्हवर दहा सेंट इकडेतिकडे चालतात, त्यावर कुणी ख्याल गाणार नाही.

व्हीसीए (आवाज कमी-जास्त करणारा भाग): मिक्सर शून्य करून पट्टी दाबा. 'धप्प' आवाज येत असेल तर तो कमीत कमी होईल असा ऑफसेट लावा.

पल्स विड्थ: चौकोनी लाटेवर कान ठेवा आणि वरच्या सप्तकाचा बारीक सूर जिथे नाहीसा होतो तिथे थांबा. ती पन्नास टक्क्यांची जागा.

प्रॉफेट-५ सारख्या वाद्यात ट्यूनचं बटण दाबलं की ते स्वतः सूर लावतं. पण त्याची पोच मर्यादित असते. एखादा आवाज त्या मर्यादेबाहेर असेल तर आधी हाताने जवळ आणावा लागतो.

१२. बंद करण्याआधी

झाकण लावा, स्क्रू घट्ट करा, तासभर चालू ठेवा आणि ११०, ४४०, १७६० पुन्हा वाचा. फरक पडला असेल तर तो किती आणि कोणत्या दिशेने, हे लिहून ठेवा. मग झाकण उघडून मुद्दाम तेवढंच उलट चुकवून लावा, म्हणजे बंद झाल्यावर बरोबर बसेल.

शेवटी प्रत्येक प्रीसेटवर नेलपॉलिशचा एक थेंब द्या. तारीख, खोलीचं तापमान, दोन्ही रेलचे आकडे आणि तीन स्वरांचे सेंट एका कागदावर लिहून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुढच्या वेळी उघडणाऱ्याला, तो तुम्ही असा की कारागीर, आधी तो कागद दिसला पाहिजे.